बाटलीत क्षार होता

दहावीच्या प्रात्यक्षिकांच्या आदल्या दिवशी प्रयोगशाळेत नंदाच्या डोळ्यात द्रावण उडाले. शिपायाने तिला नळाखाली धरले. मी ग्रंथालयात होतो. फोन आला. मी रिक्षा केली. संध्याकाळी डॉक्टरांनी सांगितले की त्या डोळ्याने तिला दिसणार नाही.

नंदा माझी बायको. भिवंडीतल्या टेमघरच्या एका शाळेत ती नववी-दहावीला विज्ञान शिकवत असे. त्या अपघातानंतरही ती काही वर्षे शिकवत राहिली आणि गेल्या दिवाळीनंतर गेली. हृदय बंद पडले. डोळ्याचा त्याच्याशी काही संबंध नाही, असे डॉक्टर म्हणाले. मी मान हलवली. पटले असे नाही. मला हल्ली कुणाचेही म्हणणे पटकन पटत नाही.

आता पुन्हा फेब्रुवारी आला आहे. सकाळची थंडी ऊन वर येताच निघून जाते. खिडकीच्या जाळीवर कापसाची बारीक रुई साचते, पुसली तर दुपारपर्यंत पुन्हा तेवढीच. कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात मुले प्रयोगाच्या वह्यांना घालायला खाकी कागद मागतात. गल्लीतल्या घराघरांतून मुलांचे पाठांतर ऐकू येते. आमच्या इमारतीत मराठी माध्यमाची मुले आहेत, समोरच्या चाळीत हिंदी, त्यामागे उर्दू. इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र प्रत्येक घरातून वेगळे ऐकू येते. पण हायड्रोजन, हेलियम, लिथियम, बेरिलियम सगळीकडे सारखेच. खालच्या कारखान्यातल्या कापड विणणाऱ्या लूमचा ठेका चालू असतो आणि मुले नकळत त्याच ठेक्यावर मूलद्रव्ये म्हणतात. वीज गेली, लूम थांबले, की एखादे पोर सोडियमपाशीच अडखळते. नंदा हसायची. म्हणायची, "बघा, आपल्याकडे आवर्तसारणीसुद्धा शिफ्टमध्ये चालते."

मी कला शाखेचा. आयुष्य पुस्तकांच्या कपाटांत गेले. अणूवर माझा कधी विश्वास बसला नाही आणि ते मी नंदाला लग्नानंतर लवकरच सांगून टाकले होते.

"कुणी पाहिलाय?" मी विचारले.

"तुम्ही तुमच्या खापरपणजोबांना पाहिलंय?"

"त्यांची तसबीर आहे."

"अणूच्याही आहेत आता."

"तसबीर काय, कशाचीही काढतात."

तिला राग येईल असे मला वाटले होते. ती खूश झाली. म्हणाली, "अहो, तुमच्यासारखा एक जरी वर्गात असला ना, तर तासाचं सोनं होतं. बाकीचे लगेच लिहून घेतात." मग तिने मला समजावले की अणूत बहुतेक जागा रिकामीच असते. मधे अगदी इवलेसे केंद्रक आणि भोवती पोकळी. मी भिंतीवर हात आपटला आणि विचारले, मग हे काय आहे? त्यावर ती जे बोलली ते मला समजले नाही. पण तेव्हापासून भिंतीकडे पाहिले की भिंतीचाही संशय येतो.

संशय हा तिचाच विषय होता म्हणा. ती तो मुलांना शिकवायची. घरी ओट्यावर तिचे एक काचेचे मोजपात्र असे. नवे कोरे विकत आणलेले, कारण प्रयोगशाळेतली वस्तू स्वयंपाकघरात आणायची नाही, हा तिचा दंडक. रोज सकाळी अर्धा लिटर दूध त्यात ओतून ती मोजपात्र ओट्यावर ठेवायची, गुडघे वाकवून डोळा पातळीशी न्यायची आणि वाचायची. "वरून बघितलं तर जास्त दिसतं, खालून बघितलं तर कमी. डोळा समोर पाहिजे," ती सांगायची. पाण्याचा पृष्ठभाग कडेला वर चढतो आणि मधे खोलगट होतो. त्या खोलगटाचा तळ वाचायचा. दुधात तो तळ दिसत नाही. "म्हणून दुधावर माझा कायमचा संशय," असे तिचे म्हणणे. दूधवाला दारातून ओरडायचा, "बाई, तुमच्याकडे दूध घालायचं म्हणजे बोर्डाची परीक्षा!" एकदा माप खरेच कमी भरले, तेव्हा तिची माहेरची भाषा बाहेर आली. ती जवळच्या कोन गावची, शेतकऱ्यांच्या घरातली. शाळेत तिच्या तोंडी पुस्तकी मराठी असे, पण राग आला की गाव यायचे. "ह्यो अर्धा लिटर न्हाय," ती म्हणाली, "ह्यो तुझा अर्धा लिटर हाय."

प्रत्येकाचा अर्धा लिटर वेगळा असतो, हे तेव्हा मला फक्त गमतीचे वाटले.

शाळेची इमारत एक आणि शाळा दोन. सकाळी मराठी माध्यम, दुपारी हिंदी. बाके, फळे, नळ आणि प्रयोगशाळा दोघांत सामाईक. हिंदी माध्यमाचे विज्ञान शिक्षक पांडेसर. जौनपूरकडून तरुणपणी आले आणि इथलेच झाले. सगळी भिवंडी पंखे लावते तेव्हाही ते स्वेटर घालून फिरत. खिशात तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी. शाळेच्या फाटकाबाहेर जाऊन तळहातावर मळायची आणि तोंड धुऊन आत यायचे. नंदाचे आणि त्यांचे बरे होते. कपाटाच्या चावीवरून मात्र कुरबुर चाले. त्या वर्षी प्रयोगशाळेची जबाबदारी नंदाकडे आली. पांडेसर तिच्यापेक्षा जुने होते. नंदाने पेढे वाटले. सरांनी पेढा मोडून अर्धा परत बॉक्समध्ये ठेवला, असे तिनेच हसत हसत मला सांगितले होते. तो अर्धा पेढा माझ्या डोक्यात राहिला.

इस्पितळाच्या व्हरांड्यात शाळेचा शिपाई बाळाराम माझ्याजवळ येऊन बसला. हा दिघाशी गावचा. त्यानेच नंदाला नळाखाली धरले होते. त्याचा शर्ट अजून ओला होता.

"मी तिथंच हुतो," तो हळू आवाजात म्हणाला. "मधल्या टेबलावर बाटली हुती, चिठ्ठी नाय, काय नाय. बाईंनी पांडेसरांना इचारलं, ह्यात काय हाय? सर दारातून बोल्ले, क्षार हाय, मॅडम, ताजा बनवलाय. बाईंना उद्याला क्षार पायजेच हुता. त्यांनी बूच वढलं. ते बसलेलं घट्ट. वढलं तं एकदम सुटलं." मग त्याने विचारले, "आता क्षारानं डोला जातो का? तुमीच सांगा."

क्षाराने डोळा जात नाही, एवढे मलाही माहीत होते. नंदा धडा आधी घरी मोठ्याने वाचायची, मी ऐकायचो. आम्ल, आम्लारी आणि क्षार. आम्ल म्हणजे लिंबू, व्हिनेगर. आम्लारी म्हणजे चुन्याची निवळी, कॉस्टिक सोडा. दोन्ही एकमेकांना मारतात आणि उरतो तो क्षार, जसे आपले खायचे मीठ. मिठाचे पाणी डोळ्यात गेले तर डोळा झोंबतो. डॉक्टर म्हणाले होते, कॉस्टिक होते.

म्हणजे पांडेसर क्षार म्हणाले आणि बाटलीत कॉस्टिक होते. एक तर स्वतः बनवलेले द्रावण त्यांना ओळखता आले नाही, किंवा आले होते. मला दोन्हींपैकी दुसरे पटले. नाही तर हातात रबरी मोजे आणि डोळ्यांवर चष्मा घातल्याशिवाय कॉस्टिकच्या बाटलीला हात न लावणारी नंदा उघड्या डोळ्यांनी बूच का ओढेल?

पण मुख्याध्यापकांनी विचारले तेव्हा नंदा म्हणाली, "मी कुणाला काही विचारलं नाही. बूच अडकलं होतं. मी ओढलं. चूक माझी."

कोनहून तिचा भाऊ आला. जनार्दनची तिकडे रस्त्यालगत गोदामे आहेत आणि माणसेही. दोघे जण गाडीत बसवूनच तो आला होता. "बाय, तू निस्तं नाव घे," तो खाटेशी वाकून म्हणाला. "बाकीचं मी बघतो. त्यो मास्तर उद्या भिवंडीत दिसायचा न्हाय."

"दादा, तू चहा घेणार का?" नंदा म्हणाली.

"चहाचं काय बोलतेस? भाऊजी, तुमी तरी सांगा हिला!"

मी काही बोलणार, तोच नंदाने पांघरुणातून माझ्या दिशेने हात केला. "बाटली माझ्याच हातून सुटली. झालं. दादा, त्या दोघांनापण वर बोलव, खाली गाडीत बसवून ठेवलंयस."

घरी आल्यावर मी तिला सरळ विचारले. "बाळारामने ऐकलंय. तू विचारलंस आणि ते क्षार म्हणाले."

ती उशी सरळ करून टेकली. मग म्हणाली, "तर मग क्षारच होता."

"क्षाराने डोळा जातो?"

"सर खोटं नाही बोलले. पुरे आता, अहो." तिने मान वळवली. आता माझ्याकडे तिचा न दिसणारा डोळा होता.

मला कळले की ती कुणाला तरी पाठीशी घालते आहे. का, ते कळले नाही. संशयाला कारण मिळाले नाही की तो वाळत नाही, फुगतो. मी पांडेसरांना रस्त्यात टाळू लागलो. ते घरी तिची विचारपूस करायला येत तेव्हा मी चहा देऊन आतल्या खोलीत जाई आणि दाराआडून त्यांचे बोलणे ऐकत असे. ते सुट्ट्यांचे आणि पगाराचे बोलत, नव्या परीक्षानळ्या किती पातळ येतात ते बोलत. मधेच थांबून घरभर नजर फिरवत. त्या नजरेत मला अपराधी माणूस दिसे.

नंदा शाळेत परत गेली. एका डोळ्याने अंतराचा अंदाज येत नाही, म्हणून पायऱ्या उतरताना कठडा धरायची. मोजपात्रासमोर मात्र खुशीत असायची. "मुलांना मी एक डोळा मिटून वाचा म्हणून सांगत होते, आता माझं वाचन आपोआप बिनचूक," असे म्हणायची. मला त्यावर हसता येत नसे. तिला ते दिसायचे, कारण हसायच्या वेळी ती नेहमी दिसणारी बाजू माझ्याकडे ठेवायची.

प्रयोगशाळेत तिने एक नवा नियम काढला. कोणत्याही रसायनाचे नाव घ्यायचे नाही. सूत्र बोलायचे. भिंतीवर आवर्तसारणीचा मोठा तक्ता होता, त्यातली अक्षरे वापरायची आणि बाटलीवरही तीच. मुख्याध्यापकांना वाटले, निकाल सुधारावा म्हणून आहे. बाळाराम बाजारात भेटला तेव्हा तक्रार करत होता. "काय सांगू साहेब, डब्यात मीठ कमी पडलं तरी पोरं बोलतात, मामा, एनेसीएल द्या! बाई ते आयकल्याशिवाय देऊपण देत न्हाईत." मला वाटले, अपघाताने तिला शब्दांची भीती बसली असेल.

त्या तक्त्याविषयी तिने एकदा मला सांगितले होते. ती सारणी मांडणाऱ्या रशियन माणसाला मूलद्रव्ये ओळीत लावताना काही ठिकाणी सांधा जुळेना. त्याने ओढूनताणून दुसरे मूलद्रव्य तिथे बसवले नाही. जागा रिकामी ठेवली आणि म्हणाला, इथे काहीतरी आहे, अजून सापडलेले नाही. पुढे ती मूलद्रव्ये सापडली. "संशय घ्यावा तर असा," नंदा म्हणाली होती. "जागा रिकामी ठेवता आली पाहिजे." हे ती सारणीविषयी बोलत होती, असेच मी तेव्हा धरून चाललो.

मुले तिला विचारत, सोडियमची खूण एनए का? एसओ का नाही? ती सांगायची की ते जुन्या लॅटिन नावावरून आहे. ते मराठी नाही, हिंदी नाही, इंग्रजीही नाही. कुणाच्याच घरचे नाही, म्हणून कुणाचे भांडण नाही.

या फेब्रुवारीत, म्हणजे परवाच, पांडेसर आले. नंदा गेल्यावर ते दर थोड्या दिवसांनी येतात. मी त्यांना बसवतो, कारण हाकलायला कारण लागते. या वेळी त्यांनी डब्यातून गाजराचा हलवा आणला होता. स्वतःला मात्र खाता येईना. तोंड वाकडे करून बसले होते.

"काय झालं, सर?"

"अरे भाईसाहब, चूना! नई डिब्बी ली, तेज़ निकला. पूरा मुँह छिल गया." मग शिक्षकी सवयीने बोट वर करून म्हणाले, "चूना तो क्षार है. काटेगा ही."

मी कप बशीत ठेवला. "चुना क्षार?"

"और क्या? अम्ल, क्षार, लवण. हमारे यहाँ तो आठवीं का बच्चा बोलेगा."

"आणि लवण म्हणजे?"

"लवण यानी नमक वगैरह. क्या भाईसाहब, ज़िंदगीभर लायब्ररी में बैठे और..." ते हसले आणि हसताना तोंड पोळले म्हणून गाल धरून बसले.

आमच्या पुस्तकात आम्ल, आम्लारी, क्षार. त्यांच्या पुस्तकात अम्ल, क्षार, लवण. त्यांचा दुसरा शब्द आमचा तिसरा. आमचे मीठ ते त्यांचे लवण, आणि आमची आम्लारी तो त्यांचा क्षार. दारात उभे राहून ते म्हणाले, बाटलीत क्षार आहे, म्हणजे कॉस्टिक आहे, सांभाळा. नंदाने ऐकले, बाटलीत क्षार आहे, म्हणजे मिठाचे पाणी आहे. एकच शब्द त्या खोलीत मधल्या टेबलापर्यंत गेला आणि जाताना उलटा झाला. बाटलीत क्षार होता. ती मला खोटे सांगत नव्हती आणि तेही खोटे बोलले नव्हते.

तिला हिंदीतला अर्थ माहीत नसेल? इतकी वर्षे शेजारच्या वर्गातून तो धडा ऐकू येत होता. माहीत असणारच. पण घाईत कान आधी घरची भाषा ऐकतो. आणि अडकलेले बूच? काचेचे बूच कॉस्टिकच्या बाटलीतच तसे धरून बसते, हे तिनेच मला एकदा सांगितले होते. तिथे तिला संशय यायला हवा होता. दुधाचा संशय घेणाऱ्या बाईला तो आला नाही, कारण सांगणारा माणूस ओळखीचा होता.

मी हे सगळे पांडेसरांना सांगणार होतो. तोंड उघडलेही होते. तेवढ्यात तेच म्हणाले, "एक बात पूछूँ? बुरा मत मानना."

"विचारा."

"उस दिन मैंने मैडम को साफ़ बोला था, क्षार है. साफ़. फिर भी बिना चश्मे के, हाथ से ढक्कन खींच लिया. मैडम ऐसा करनेवाली थीं क्या?" ते माझ्याकडे न पाहता बशीकडे पाहत होते. "मैंने किसी को नहीं बोला. मैडम ने कहा, 'मैंने पूछा ही नहीं', तो मैं भी चुप रहा. लेकिन मन में रहता है. ध्यान कहीं और होगा उनका. उस दिन सुबह... घर में कुछ हुआ था क्या?"

तेव्हा मला त्यांची ती घरभर फिरणारी नजर कळली. मी त्यांना चहा देऊन दाराआडून त्यांची झडती घेत होतो आणि ते चहा पीत माझ्या घराची घेत होते. या घरात काय चालते, या गप्प माणसाने बायकोला काय बोलून शाळेत पाठवले, हे ते इतकी वर्षे शोधत होते.

त्या सकाळी काही झाले नव्हते. मी चष्मा शोधत होतो, तो तिने फ्रीजवरून काढून दिला. पदरावर कालचा खडू दिसतो का, असे विचारले. मी नाही म्हणालो. दिसत होता, पण तिला उशीर झाला असता. एवढेच.

मी सांगितले असते तर माझ्यावरचा डाग गेला असता. मग पांडेसर घरी जाऊन तो एक शब्द आयुष्यभर तोंडात घोळवत बसले असते. त्यांची निवृत्ती जवळ आली आहे. हाच शब्द त्यांनी त्यानंतर वर्गात किती वेळा उच्चारला असेल. आणि त्या वेळी तो बाहेर पडला असता, तर आमच्या गावात त्याचे काय झाले असते? जनार्दनची गाडी खाली उभी होती. मराठी शाळेच्या बाईंचा डोळा हिंदी शाळेच्या मास्तरने घालवला, एवढेच लोकांनी ऐकले असते. म्हणून नंदा मुख्याध्यापकांशी खोटे बोलली, भावाशी बोलली, आणि प्रयोगशाळेतून शब्दच काढून टाकला. तिथे फक्त तक्त्यावरची अक्षरे ठेवली, जी दोन्ही शाळांत सारखीच वाचली जातात.

"हो," मी म्हणालो. "झालं होतं थोडं. मीच बोललो तिला."

पांडेसरांनी श्वास सोडला. त्यांचे खांदे स्वेटरमध्ये खाली आले. "मैं समझता था," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात माझ्याविषयी दया होती आणि थोडा तिटकाराही. "होता है भाईसाहब, मियाँ-बीवी में. अब अपने को दोष मत देना." जाताना त्यांनी दारात मागे वळून पाहिले. ती नजर आता शोधणारी नव्हती. तिला हवे ते मिळाले होते.

एक जागा मात्र रिकामी राहिली आहे. नंदाने मला का सांगितले नाही? मी जनार्दनला सांगेन अशी भीती होती, की पांडेसरांना सांगेन अशी? की तिनेही कधीतरी गुडघे वाकवून, डोळा समोर आणून माझे माप घेतले होते आणि ते कमी भरले होते? हे वाचन मी रोज करतो. रोज आकडा वेगळा येतो. ती जागा मी भरलेली नाही.

शाळेत अजून सूत्रेच बोलतात, असे बाळाराम सांगतो. पांडेसर मला बायकोला टाकून बोलणारा माणूस समजतात. मोजपात्र ओट्यावर आहे. मी एक डोळा मिटून दूध मोजतो. आता पाव लिटर पुरते.